अंगावरची चांदी

साखळी या कापडावर ठेवा, बघू. अरेरे, काय दशा केलीत हो हिची! आणि कड्यांमध्ये हे पांढरं काय अडकलंय? टूथपेस्ट ना? वाटलंच. दात घासायची वस्तू दातांनाच लावावी माणसानं. चांदी मऊ असते, तिला बारीक ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत काळेपणा आणखी लवकर घर करतो. मोबाइलवर बघितलंत? बघितलंच असणार. उचलली जीभ लावली टाळ्याला, असे सल्ले देणारे गल्लोगल्ली झालेत.

बसा त्या स्टुलावर, थोडा वेळ लागेल. लाइट गेलीय, पण माझा हा दिवा बॅटरीवर चालतो, त्याचं काही अडत नाही. पाणी उकळलं की या भांड्यात अॅल्युमिनियमची फॉइल घालायची, तिच्यावर साखळी, वरून खायचा सोडा आणि मग उकळतं पाणी. चांदीवरचं काळं उतरतं. नासक्या अंड्यासारखा वास येईल, हवं तर नाक धरा. मोत्याचा दागिना मात्र यात कधी टाकू नका, आणि मुद्दाम काळी केलेली नक्षी असेल तर मुळीच नाही, नक्षीचा काळा रंग सगळा धुऊन निघतो.

काळी पडूच नये म्हणून? सेंट-पावडर आधी, दागिना नंतर. रबरबँड नाही, लोकर नाही, बाथरूम तर नाहीच नाही. कोरडी पुसून बंद पिशवीत ठेवा, सोबत खडूचा तुकडा टाका, ओल शोषून घेतो. आणि सगळ्यात सोपं म्हणजे घाला. रोज घाला. अंगावरची चांदी काळी पडत नाही, पडून राहिलेली पडते.

हे वाक्य मी पूर्वी येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचो. हल्ली म्हणतो आणि लगेच तुमच्या मागच्या भिंतीकडे नजर जाते. पाणी उकळायला अजून वेळ आहे, म्हणून सांगतो. हसायचं असेल तर हसा, पण सगळं ऐकून हसा.

मला एक धाकटी बहीण. चिंगी म्हणतो आम्ही तिला. शाळेच्या दाखल्यावर दुसरं नाव आहे, पण त्या नावानं हाक मारली तर ती ओ द्यायची नाही. आई-वडील लवकर गेले, त्यामुळे तिला मीच वाढवलं. म्हणजे असं मी म्हणायचो. ती म्हणायची, ‘दादा, तुला मी वाढवलं.’ तोंडाळ होती हो! ‘दाढीत पांढरं दिसायला लागलं तुझ्या, ये, सोड्याच्या पाण्यात बुडवते,’ असं गिऱ्हाइकांसमोर बोलायची आणि मी कानाला हात लावला की खो खो हसायची.

तिचं लग्न उशिरा जमलं. भाऊजी बिजवर, पहिली बायको आजारपणात गेलेली, मूलबाळ नाही. माणूस सभ्य, तोंडातल्या तोंडात बोलणारा. आमची ही म्हणाली, ‘स्वभावानं फारच गरीब दिसतात हो, चिंगीपुढे टिकतील ना?’ अशी थट्टामस्करी होत लग्न झालं. मी माझ्या हातानं चिंगीला चांदीचं ब्रेसलेट करून दिलं, बारीक कड्यांचं, मधोमध नखाएवढी चिमणी. तिनं ते दिव्याखाली उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाली, ‘दादा, फुकट दिलंस? तब्येत बरी आहे ना तुझी?’

वर्ष व्हायच्या आत तिचा फोन आला.

‘दादा, ब्रेसलेट काळं पडतंय रे.’

‘काढून ठेवत असशील.’

‘नाही. झोपतानासुद्धा हातात असतं.’

‘मग कांदे चिरून हात धूत नसशील. आळशी आहेस तू पहिल्यापासून.’

मला वाटलं, आता शिवी ऐकायला मिळणार. पण शिवी आली नाही. मग म्हणाली, ‘ये ना एकदा… जमलं तर उद्याच ये.’

चिंगी अशी गयावया करणारी पोरगी नव्हे. मला करमेना. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं, पिशवीत फॉइल, सोडा, ब्रश, कापड टाकलं आणि सकाळीच निघालो. हिला सांगितलं, चहा पिऊन येतो, आलोच.

रस्ता जिथे संपतो तिथे त्यांची इमारत होती. नवी बांधलेली, पण निम्म्याहून जास्त घरं विकलीच गेली नव्हती. लिफ्ट बंद. जिन्यात ओल्या सिमेंटचा वास आणि प्रत्येक मजल्यावर कुलपं. वरच्या मजल्याच्या लांब व्हरांड्यात माझ्याच चपलांचा आवाज पुढच्या भिंतीवर आपटून परत येत होता, आणि मला उगाचच वाटत होतं की कुणीतरी समोरून चालत येतंय. शेवटचं दार त्यांचं.

चिंगीनं दार उघडलं. तिला बघून पहिल्यांदा मनात काय आलं सांगू? ही इथे पाहुणी आलीय. स्वतःच्या घरात खुर्चीच्या कडेवर बसत होती, पाण्याचा पेला धुऊन नेमका जागेवर ठेवत होती, जशी काही घरची बाई येऊन रागावेल. भाऊजी कामावर गेले होते, ते संध्याकाळी यायचे.

‘दाखव हात,’ म्हटलं.

तिनं मनगट पुढे केलं आणि मी चष्मा काढून पुसला. चांदी काळी पडते ती एकदम नाही. आधी पिवळसर होते, मग तपकिरी, मग निळसर जांभळी, मग काळी. हे ब्रेसलेट कोळशासारखं काळं होतं. बरं, तेही एक वेळ ठीक. पण आतली बाजू? जी चोवीस तास कातडीला घासते, तिथे काळं टिकूच शकत नाही. ती बाजूही तशीच होती. मी ते काढून घेतलं आणि कड्या नखानं मोकळ्या केल्या, तर आत धूळ.

आता तुम्ही म्हणाल, धुळीचं काय एवढं! अहो, अंगावरच्या दागिन्यात मळ असतो. घाम, साबण, पीठ, सगळं मिळून चिकट राखाडी मळ बसतो, पोटापाण्यासाठी मी तोच तर काढतो. सुकी, मऊ धूळ बसते ती वर्षानुवर्षं फडताळात पडून राहिलेल्या दागिन्यात. चिंगी शपथेवर सांगत होती की तिनं ते एकदाही काढलं नव्हतं, आणि ती माझ्याशी खोटं बोलत नाही.

‘पाणी खराब असेल तुमचं,’ मी म्हटलं. तिला धीर द्यायला म्हटलं आणि मलाही. मग सगळं घर पालथं घातलं. नळाचं पाणी हुंगलं, मोरीचं तोंड हुंगलं, गॅसची नळी तपासली, साबण बघितला, औषधाच्या बाटल्या बघितल्या. चांदी काळी करतं ते गंधक, पण त्याचा कुठे मागमूस नाही. मग इथे करतोय तसंच तिथे केलं, फॉइल, सोडा, उकळतं पाणी. ब्रेसलेट लखलखीत झालं. तिच्या हातात घातलं, म्हटलं, ‘घे. आता नवऱ्याला दाखव आणि म्हण, भाऊ असावा तर असा.’

ती हसली, पण डोळ्यांत हसू नव्हतं.

आम्ही हॉलमध्ये चहा घेत बसलो. ती हळू आवाजात सांगायला लागली. ‘दादा, हे वाईट नाहीत रे. कधी आवाज चढवत नाहीत. पण ना… मी काही विचारलेलंच नसतं आणि हे उत्तर देतात. पेपर वाचता वाचता म्हणतात, “हो, आणतो येताना.” मी म्हणते, काय आणता? तर दचकून माझ्याकडे बघतात. जसं काही मी आत्ताच खोलीत आले.’

‘बायकोचं ऐकायचं नसलं की सगळेच नवरे असं करतात. आमच्या हिला विचार.’

‘आणि मला या घरात काहीच सापडत नाही. चमचे मी डाव्या खणात ठेवते, सकाळी उजव्यात असतात. आता मी ठेवतच नाही काही. जिथे आहे तिथून घेते आणि…’

ती बोलता बोलता थांबली. स्वयंपाकघरातून आवाज आला. किण… किण… थांबून पुन्हा किण. भांडी घासताना हातातलं ब्रेसलेट ताटाच्या काठावर वाजतं ना, तसा. चिंगीचे दोन्ही हात कपाभोवती होते.

‘नळ गळतोय,’ मी म्हटलं.

‘हो,’ ती म्हणाली. ‘मीही असंच म्हणते.’

मी उठून गेलो. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. नळ घट्ट बंद होता आणि ओटा कोरडा ठणठणीत. नळ मी उगाच आणखी एकदा पिळला. मी दादा ना! परत येऊन म्हटलं, ‘वायसर गेलाय, बदलून घ्या.’

दुपारची जेवणं झाली. ताट उचलताना तिच्या हाताकडे माझं लक्ष गेलं. ब्रेसलेटवर पिवळट छटा आली होती. मी तिथून नजर काढली नाही. आम्ही गप्पा मारत होतो, आणि माझ्या डोळ्यांदेखत ते तपकिरी झालं. एवढ्या वर्षांच्या धंद्यात मी असं बघितलं नव्हतं. चिमणीचे पंख आधी काळवंडले, मग चोच. चिंगीनं हात पदराखाली घेतला.

‘बघितलंस ना?’ ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. ‘आता तुला दुसरं एक दाखवते. ओरडू नकोस.’

आतल्या खोलीत भाऊजींचं कपाट होतं. त्याच्या तळाशी एक लाकडी डबा. पहिल्या बायकोचा. भाऊजींनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं म्हणे, ‘तिचं चांदीचं आहे त्यात, ती गेल्यापासून उघडलेला नाही, राहू दे.’ आणि खरंच, झाकणावर बोट फिरवलं तर धुळीत रेघ उमटली. किल्ली कपाटाच्या खणातच होती. कुलूप गंजलं होतं, फिरवताना किल्ली मोडते की काय असं झालं.

झाकण उघडलं आणि मी डबा उजेडात ओढला.

आत चांदीची साखळी, कानातली आणि एक ब्रेसलेट. हवा शिरणारा साधा डबा, खाली लोकरीचा तुकडा अंथरलेला. अशा डब्यात चांदी वर्षभरात काळीठिक्कर पडायला हवी. ही उजळ होती. नुसती उजळ असती तर म्हटलं असतं, भाऊजी चोरून पुसत असतील बिचारे. पण पुसलेल्या चांदीची चमक वेगळी, घातलेल्या चांदीची वेगळी. पुसलेली कोरडी चमकते. रोज अंगावर असलेली लोण्यासारखी मऊ दिसते, कडा गोलावतात, आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा गुळगुळीत होते. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी ब्रेसलेट उचललं, बाहेरच्या बाजूला नव्या बारीक चिरा होत्या, भांडी घासताना पडतात तशा. आणि कड्यांच्या जोडांत साबण होता. ओला.

‘दादा… हे कुणीतरी घालतंय ना?’

माझी पाचावर धारण बसली होती, पण डोकं मात्र कारागिराचंच. आमच्या धंद्यात दोष कशात आहे हे कळेना, की अदलाबदल करून बघायची. एक गिऱ्हाईक म्हणतं, माझी साखळी काळी पडते. तिची साखळी बहिणीला घालायला सांगायची आणि बहिणीची तिला. दोष अंगात असेल तर अंगाबरोबर राहतो, वस्तूत असेल तर वस्तूबरोबर जातो. माझ्या वडिलांनी मला हेच शिकवलं आणि आजवर ते कधी चुकलेलं नव्हतं. तुम्ही माझ्या जागी असतात तर तुम्हीही तेच केलं असतं.

मी चिंगीच्या हातातलं ब्रेसलेट काढून डब्यात ठेवलं, आणि डब्यातलं तिच्या हातात घातलं.

‘कोमट आहे रे हे,’ ती म्हणाली.

‘घाबरू नकोस. तास-दोन तास बघू, मग काढू. काळं पडलं तर तुला डॉक्टरकडे नेतो. नाही पडलं तर हा डबा उचलतो आणि तुलाही घेऊन जातो घरी. भाऊजींशी मी बोलेन.’

तिनं माझा हात घट्ट धरला. ‘खरंच नेशील ना? मला इथे राहायचं नाही रे दादा. मला ना… असं वाटतं, मी थोडी थोडी पुसली जातेय.’

‘वेडाबाई, नेतो म्हटलं ना!’

मी डबा बंद केला. हॉलमध्ये येऊन बसलो. ढग दाटून आले होते, खोलीत अंधारल्यासारखं झालं. मी उठत होतो, खिडकीपर्यंत जात होतो, पुन्हा बसत होतो. कुठे टेकवत नव्हतं. स्वयंपाकघरातला आवाज मात्र थांबला होता. तेवढ्यानंच माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, काहीतरी सुटलं.

चिंगी खुर्चीच्या कडेवर बसली होती. हळूहळू ती मागे सरकली, पाठ टेकली. मान सैल सोडली. तिच्या चेहऱ्यावर रंग आला. मला बरं वाटलं, खरंच सांगतो, मला फार बरं वाटलं. मग ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मला उजवा खण उघडल्याचा आवाज आला. न शोधता, न चाचपडता. नळ सुटला. आणि मग, किण… किण… थांबून पुन्हा किण.

मी दारात जाऊन उभा राहिलो. ती पाठमोरी ताटं घासत होती, हलकं काहीतरी गुणगुणत. चिंगीला गुणगुणता येत नाही हो, ती गाणं म्हणायला लागली की आम्ही कानात बोटं घालायचो. आणि हे सुरात होतं.

‘चिंगे,’ मी म्हटलं, ‘पुरे झालं. काढ ते.’

‘राहू दे ना,’ ती मागे न बघता म्हणाली. ‘बरं वाटतंय…’

‘काढ म्हणतो ना!’

ती उत्तर देणार तेवढ्यात बाहेर कुलूप वाजलं. भाऊजी आले होते. पायातले बूट न काढता ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले, मला ओलांडून त्यांनी आत बघितलं, आणि त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली. चेहऱ्यावर भीती नव्हती. हरवलेलं लेकरू सापडल्यावर बापाचा चेहरा कसा होतो, तसा होता.

‘आलीस?’ ते म्हणाले.

बाहेरून ते आले होते हो. आणि विचारत होते तिला.

ती पदराला हात पुसत वळली. ‘कधीची,’ म्हणाली. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि तिनं पदर सारखा केला. ‘अहो, हे चांदीवाले आलेत, आपले दागिने बघायला. तुम्ही चहा घेऊन जाल ना?’

तुम्ही. मला. मी आधी हसलो. चिंगी नकला फार छान करायची, एकदा तर फोनवर गिऱ्हाईक बनून तिनं मला अर्धा तास फिरवलं होतं. म्हटलं, ‘बस कर, सोंगाडे.’ ती हसली नाही. अनोळखी माणूस जास्तच सलगीनं बोलला की बायका जशा बघतात, तशी बघत राहिली. डोळे चिंगीचेच. बघणं तिचं नव्हतं.

मग मला भान राहिलं नाही. मी तिचं मनगट धरलं आणि ब्रेसलेटचा आकडा नखानं उडवला. ते सुटून फरशीवर पडलं. भाऊजी ओरडले, ‘काय करताय हे!’ आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढलेला ऐकला. ती मनगट चोळत एवढंच म्हणाली, ‘जाऊ द्या हो, त्यांना बरं नाही, असं दिसतंय.’ ब्रेसलेट निघालं होतं आणि काही बदललं नव्हतं.

मी आतल्या खोलीत धावलो. डबा उघडला. चिंगीचं ब्रेसलेट, जे मी जवळजवळ काळं असताना आत ठेवलं होतं, ते झळझळत होतं. हातात घेतलं तर कोमट, आणि चिमणीच्या पंखाखाली घामाचा बारीक थेंब. मी ते घेऊन परत आलो, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलो, लाज सोडून रडत म्हटलं, ‘चिंगे, हे घाल. एकदाच घाल गं.’ मी स्वतः मापानं केलेलं ते ब्रेसलेट, पण तिच्या मनगटाभोवती टोकं जुळेचनात. बोटभर कमी पडत होतं. तिनं दोनदा सोसलं, मग हात काढून घेतला.

‘हे माझं नाही,’ ती म्हणाली. अगदी सौम्यपणे म्हणाली.

पुढे काय करणार? तक्रार कुणाकडे करू, आणि कशाची? माझी बहीण सुखात आहे याची? डॉक्टरनं तपासलं, ठणठणीत आहे म्हणाला. ती दोघं अधूनमधून आमच्याकडे येतात. ती मला ‘तुम्ही’ म्हणते, खाली मान घालून गोड बोलते, भाजी निवडू लागते. आमची ही खूश आहे. ‘लग्नानंतर चिंगी किती सुधारली हो,’ म्हणते. मी उठून बाहेर जातो. मला ती तोंडाळ हवी आहे. गिऱ्हाइकांसमोर माझी अब्रू काढणारी हवी आहे. ती ‘सुधारलेली’ बाई माझ्या घरात आली की मला भिंतीत तोंड खुपसून ओरडावंसं वाटतं.

हं, पाणी उकळलं. सरका जरा. ही तुमची साखळी, हा सोडा… आणि हे पाणी. राहू दे थोडा वेळ.

आता जरा मागे वळा. तुमच्या डोक्यामागे भिंतीवर खिळा आहे, त्याला टांगलंय ते. हो, चिमणीवालं. त्याच्या खालीच माझी गंधकाच्या पाण्याची बाटली आहे, नक्षी काळी करायला लागते ती. या भिंतीवर पितळेची पाटी टिकत नाही, घड्याळाचे काटे काळे झालेत. ते मात्र बघा. मी त्याला कापडसुद्धा लावलेलं नाही. रोज सकाळी कुलूप काढतो आणि आधी तिकडे बघतो. उजळ दिसलं की दिवसाला सुरुवात करतो. घालतेय म्हणजे आहे. कुठे आहे ते मला कळत नाही, पण आहे.

पण हल्ली जिवाला घोर लागलाय. ते करताना मी टोकाला चार जास्तीच्या कड्या ठेवल्या होत्या. ‘लग्नानंतर सुटशील, तेव्हा सैल करता येईल,’ असं चिडवलं होतं तिला. खिळ्याला टांगलं तेव्हा आकडा सगळ्यात बाहेरच्या कडीत अडकवला होता. दुकानाला कुलूप मी लावतो, किल्ली माझ्या खिशात असते. एके सकाळी बघितलं, तर आकडा एक कडी आत आलेला. म्हटलं, माझाच हात लागला असेल. काही दिवसांनी आणखी एक आत. हात बारीक होत चालला की बाई ब्रेसलेट असंच आवळून घेते, निसटू नये म्हणून. आज सकाळी आकडा अगदी आतल्या कडीत होता. त्याच्यापुढे कडी नाही.

तुमचं काम झालं की ते आखूड करायला घेणार आहे. आजच करायला हवं. तिच्या हातातून गळून पडलं, तर मी तिला कुठे शोधू? पक्कड काढून ठेवलीय, दिवा आहे, सगळं आहे. फक्त किती कड्या काढू तेच कळत नाहीये. माप घ्यायचं तर हात समोर लागतो.